खेळाचा प्राश्निक कोण?

व्हिडिओ खेळांचें थोरपण टीकाकारांनीं ठरवावें कीं लोकांनीं, हा वाद आतां आपल्या घरांतील तरुण मंडळींतही ऐकूं येतो. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत दोघांसही जागा दिली आहे. प्रेक्षकांचें हंसणें, वाहवा, ही प्रयोगाची मानुषी सिद्धि. वाद पडल्यास मात्र प्राश्निक, आणि तेही ज्याच्या त्याच्या विषयापुरते. छंद छंदोवेत्त्यानें पारखावा, अंगांचें सौष्ठव धनुर्धरानें.

२०२० च्या जूनमध्यें ‘द लास्ट ऑफ अस’चा दुसरा भाग निघाला. टीकाकारांनीं तो आधींच खेळून पाहिला होता. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्यांच्या गुणांची सरासरी शंभरांत ९३ पडली. विक्री सुरू होतांच तेथेंच लोकांनीं शून्यांचा भडिमार केला. खेळ संपवावयास वीस तासांहून अधिक लागतात. शून्यें पडूं लागलीं तीं पहिल्या कांहीं तासांतच! उत्तरपत्रिका न उघडतां गुण देणारा परीक्षक आम्हीं शाळेंत ठेवला नसता. पुढील महिन्यांत त्या संकेतस्थळानें नवा खेळ निघाल्यावर ३६ तास लोकांचे गुण घेणें बंद केलें.

म्हणून लोकांस अडाणी म्हणावें काय? त्याच डिसेंबरांत ‘सायबरपंक २०७७’ आला. टीकाकारांस आगाऊ मिळाली ती संगणकावरील प्रत, आणि तिची स्तुति झाली. जुन्या प्लेस्टेशन ४ यंत्रावर खेळणारांच्या पदरीं मात्र अडखळणारा, मध्येंच बंद पडणारा खेळ आला. येथें खरे प्राश्निक तेच! त्यांच्या ओरडीनें आठवड्याभरांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढला व पैसे परत देऊं केले. दुरुस्त्यांनंतर, २०२१ च्या जूनमध्यें, तो तेथें परत आला. तरी जुन्या यंत्रावर अडचणी येतील, ही सूचना सोबत होतीच.