पुनर्वसन म्हणजे काय?

मंडळी, आपल्या केज तालुक्यात पुनर्वसन हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. धनेगावला मांजरा धरण झालं, माणसं उठली, दुसरीकडे घर मांडावं लागलं. आज याच शब्दाचा दुसरा अर्थ पाहू. माणूस गावातून नाही, स्वतःच्या शरीरातूनच विस्थापित झाला तर?

मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमई विभागात जवान आणि मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्याजवळ अडकली. कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचारांचा भाग म्हणून पोहायला सांगितलं गेलं. पाण्यात वजन हलकं होतं, पायांचं काम दंड करतात. १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर त्यांनी ३७.३३ सेकंदांत कापले. सुवर्णपदक! पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं.

पण खेळ ही दुसरी पायरी आहे. पहिली पायरी शुश्रूषेची. पूर्वी मणका मोडलेला सैनिक जखमेनं नाही, तर पाठीवरच्या शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गानं जायचा. १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिलला डॉ. लुडविग गुटमान यांनी नियम घातला : दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माणसं जगायला लागली. मग प्रश्न आला, जगून करायचं काय? २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिक सुरू झालं त्याच दिवशी, सोळा जखमी स्त्री-पुरुष सैनिकांनी चाकाच्या खुर्चीतून तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पॅरालिम्पिकचं मूळ तिथं आहे.

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा. आपण अशा माणसाला सांगतो, देह नश्वर आहे, मन घट्ट कर. बोलायला सोपं आहे. पण शय्याव्रण उपदेशानं भरत नाही. आणि दुसरं म्हणजे आपण दया करतो. दयेत कुणी कुणाला हरवत नाही. खेळात समोरचा तुम्हाला हरवायला बघतो, म्हणजेच तुम्हाला बरोबरीचं मानतो. हरण्याचा हक्क परत मिळणं, हे माझ्या मते पुनर्वसन.

सैनिकांसाठी पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. देशाचं ते ऋण आहे, फेडलंच पाहिजे. पण विहिरीत पडलेला गडी, ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टर उलटून जायबंदी झालेली बाई, यांचाही मणका तसाच मोडतो. त्यांची खाट घराच्या कोपऱ्यात सरकते, आणि कूस बदलायला रात्री म्हातारी आई उठते. मणक्याला गणवेश कळत नाही. मग आपली व्यवस्था तरी त्याच्यावरच का अडावी?

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. अपघात झाला तर माणसाला हातापायाला धरून उचलू नका. मान-पाठ सरळ ठेवून, चारजणांनी मिळून फळीवर घ्या. शाळेला, ग्रामपंचायतीला पायऱ्यांशेजारी उतार करा. आणि खाटेवरच्या माणसाला 'कसा आहेस' एवढंच विचारून निघू नका. त्याच्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडा, आणि मुद्दाम हरू नका.