काळवंडलेल्या लेदर सीट्स: ब्रश हातात घेण्याआधी हे वाचा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण एका जुन्या गाडीची ड्रायव्हर सीट साफ केली. व्हिडिओत हात दिसतात, पण डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. लेदरच्या कामात पैसा आणि नुकसान दोन्ही तिथेच ठरतं, म्हणून ते इथे सविस्तर लिहितोय.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दुकानाचं दुसरं वर्ष होतं. एक काका बदामी रंगाच्या सीट्सची गाडी घेऊन आले. गाडी विकायची होती, सीट्स अगदी कळकट झाल्या होत्या. मी १,२०० रुपये सांगितले, गाडीच्या टायरसाठी वापरतो तो क्लीनर पाणी न मिसळता मारला आणि कडक ब्रशने घासायला घेतलं. टॉवेलवर तपकिरी-बदामी काहीतरी यायला लागलं. मी खूश! म्हटलं, बघा मळ कसा निघतोय. दहा मिनिटांनी लक्षात आलं, तो मळ नव्हता, सीटचा रंग होता. परत रंगकाम करून द्यायला ९,००० रुपये खिशातून गेले.

आधी समजून घ्या, तुम्ही नक्की काय साफ करताय

गाडीतलं बहुतेक लेदर उघडं नसतं. कातड्यावर रंगाचा थर असतो आणि त्यावर पारदर्शक कोटिंग. म्हणजे तुम्ही कातडं साफ करतच नाही, तुम्ही रंगवलेला पृष्ठभाग साफ करता. घासून घासून तो थर गेला की कुठलंही क्रीम तो परत आणत नाही.

दुसरी गोष्ट, गिऱ्हाईक "लेदर" म्हणतो ते दरवेळी लेदर असेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये लेदरेट, म्हणजे पीव्हीसी किंवा पीयूचं कापड असतं. काही गाड्यांत बसायचा भाग खरा लेदर आणि बाजू-पाठ लेदरेट. गाडीच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, बघून घ्या.

मग पाण्याची टेस्ट करा. सीटच्या मागच्या बाजूला, खाली, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब वर तसाच राहिला तर कोटिंग आहे, पुढे जा. थेंब आत जिरला आणि जागा गडद झाली, तर लेदर उघडं आहे किंवा कोटिंग झिजलंय. स्वेडसारखं मऊ, लवदार लेदरही याच गटात धरा. अशा सीटवर ओलं काम करू नका. ते वेगळ्या कारागिराचं काम आहे.

पीएच म्हणजे पुस्तकी विषय नाही

लेदर स्वभावाने थोडं आम्लधर्मी असतं. आपल्या दुकानातले बरेच ऑल पर्पज क्लीनर, कपड्यांची पावडर, भांड्यांची पेस्ट हे सगळं अल्कधर्मी. पीएचच्या पट्टीवर एक आकडा वाढला की तीव्रता दहापट होते. त्यामुळे ७ आणि १० यांत फरक तिप्पट नाही, हजारपट आहे. लेदरसाठी बनवलेला, ७ च्या जवळपास किंवा थोडा खाली पीएच असलेला क्लीनरच घ्या. पीएच पट्ट्या स्वस्त मिळतात. बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा.

थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, ब्लीच, सॅनिटायझर यांना सीटजवळही आणू नका. आणि तो पांढरा "जादूचा" स्पंज? तो म्हणजे अगदी बारीक सँडपेपर समजा. डाग जातो, सोबत कोटिंगही जातं.

कामाचा क्रम

१. फोटो. गाडी आत घ्यायच्या आधी प्रत्येक सीटचे फोटो काढा. भेगा, झिजलेल्या जागा, उसवलेली शिवण गिऱ्हाईकाला दाखवून जॉब कार्डवर लिहा. मळाखाली लपलेली भेग साफ केल्यावर दिसते आणि नाव आपलं होतं.

२. व्हॅक्यूम. मऊ ब्रशचं तोंड लावून शिवणी आणि फटींतली वाळू काढा. वाळू राहिली तर पुढचं प्रत्येक घासणं ओरखडा आहे.

३. लपलेल्या जागी चाचणी. क्लीनर लावा, पांढऱ्या कपड्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मळ राखाडी, काळपट येतो. कपड्यावर सीटचाच रंग आला तर तिथेच थांबा. काळ्या सीटवर हा फरक पटकन कळत नाही, म्हणून तिथे दुप्पट सावध राहा.

४. फेस ब्रशवर, सीटवर नाही. क्लीनर मऊ ब्रशवर घ्या, फेस करा आणि एका वेळी एकच पॅनल घ्या. हाताचं वजन टाकू नका. फेस वाळायच्या आत मायक्रोफायबरने उचलून घ्या, कपड्याची बाजू बदलत राहा. खूप मळ असेल तर हलक्या हाताने तीन वेळा करा. एकदाच जोर लावायचा मोह टाळा.

५. छिद्रांच्या सीट्स. व्हेंटिलेटेड सीटमध्ये खाली पंखा असतो. छिद्रांतून पाणी गेलं की फोम ओला राहतो, वास येतो, वायरिंगला त्रास होतो. इथे कपडा फक्त दमट हवा. सीटच्या बाजूच्या एअरबॅगच्या शिवणीतही पाणी मुरू देऊ नका, आणि सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका.

६. वाळवणं. दारं उघडी, सावली, पंखा. हीट गन किंवा कडक ऊन नको.

७. शेवटचा थर. लेदर प्रोटेक्टर पातळ लावा आणि जास्तीचा पुसून काढा.

चकाकी म्हणजे स्वच्छता नाही

हे गिऱ्हाईकाला समजावणं सगळ्यात अवघड. कोटिंगवालं लेदर बहुतेक वेळा मुळात मॅट असतं. हेडरेस्टवर केसांचं तेल, बाजूच्या उंचवट्यावर घाम आणि कपड्यांचा रंग साचतो, म्हणून सीट चमकते. साफ सीट चमकत नाही. "भाऊ, चमक नाही आली" असं कुणी म्हटलं की अर्धी सीट साफ करून शेजारची तशीच ठेवून दाखवा. चमकवायला सिलिकॉनवालं डॅशबोर्ड पॉलिश मारू नका. सीट निसरडी होते, आणि ब्रेक मारताना माणूस सीटवर घट्ट बसलेला हवा.

तीन डाग, तीन उत्तरं

जीन्सचा निळा रंग ताजा असेल तर निघतो. जुना असेल तर कोटिंगमध्ये उतरलेला असतो, तिथे "फिकट होईल" इतकंच बोला. बॉलपेनच्या शाईचंही तसंच. ती घासली की पसरते.

हळद मात्र आपली खास. घरी कपड्यावर पाहिलंच असेल, साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो. अल्कधर्मी क्लीनरने सीटवरही तेच होणार. सौम्य क्लीनरने उचला. जी पिवळी छटा उरते ती उजेडात हळूहळू फिकट होते, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

आता हिशोब

समजा दुकानाचं भाडं, पगार, वीज मिळून महिन्याचा खर्च ६०,००० आहे. महिन्याचे कामाचे २०० तास धरले तर एक तास ३०० रुपयांना पडतो. खूप मळलेल्या पाच सीट्सना चार तास लागले, म्हणजे १,२००. क्लीनर, कपडे, प्रोटेक्टर मिळून ३०० धरा. १,५०० हा तुमचा खर्च झाला, नफा शून्य! त्यावर नफा, आणि बिघडलं तर भरून द्यायची जोखीम. मी त्या दिवशी १,२०० सांगितले तेव्हाच तोट्यात होतो, रंग जायच्या आधीपासून. आणि दर कमी असला की घाई होते, घाई झाली की कडक ब्रश हातात येतो.

काही कामं नाकारायचीही असतात. भेगा पडल्यात, रंग सुटतोय, बुरशी आत फोमपर्यंत गेलीय, तर "हे साफसफाईचं काम नाही, दुरुस्तीचं आहे" असं स्पष्ट सांगा. एक काम जाईल, नाव राहील.

त्या काकांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "अरे, आधी विचारलं असतंस तर म्हणालो असतो, राहू दे थोडी मळकी." आज माझ्या जॉब कार्डवर पहिली ओळ तीच आहे: किती साफ हवं, आणि कुठे थांबायचं? उद्या सकाळी दुकान उघडलं की तुमच्या कार्डवरही ती लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सांभाळून करा!