खोटें पिस्तूल आणि खरी भीति

गेल्या श्रावणांत आम्ही घरचीं लहानमोठीं अकरा माणसें भाज्याचीं लेणीं पाहावयास गेलों होतों. मळवली स्टेशनावर लोकलमधून उतरून गांवापर्यंतची वाट सर्वजण पायींच चाललों. लोहगड आणि विसापूर ढगांत बुडालेले होते आणि डोंगरावरून धबधबे कोसळत होते. अशा वेळीं मंडळींचा उत्साह काय वर्णावा! आमच्या धाकट्या पुतण्याच्या उत्साहाचें कारण मात्र निराळेंच होतें. आदल्या दिवशीं लोणावळ्याच्या बाजारांत हट्ट धरून त्यानें एक काळें पिस्तूल मिळविलें होतें. दिवाळींतलें टिकल्यांचें नव्हे. हें पिवळे छर्रे मारणारें आणि अगदीं सिनेमांतल्यासारखें दिसणारें.

लेण्यांच्या पायऱ्या संपतात तेथें आडोशाला उभें राहून त्यानें तें एकाएकीं बाहेर काढलें आणि वर येणाऱ्या एका अपरिचित वृद्ध गृहस्थांवर रोखलें. ते दचकून मागें सरले, ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला, आणि आमच्या थोरल्या बंधूंनीं झटकन् हात धरला नसता तर काय प्रसंग ओढवला असता, तें सांगवत नाहीं. आम्हीं क्षमा मागितली. मुलगा रडकुंडीस आला. त्या गृहस्थांनीं श्वास आवरला व त्यास जवळ बोलावून म्हटलें, "बाळ, मी पंचवीस वर्षं फौजेंत काढलीं. खरं पिस्तूल पुष्कळ हाताळलं आहे. पण वीस पावलांवरून तुझं हें खोटं आहे, असं मलाहि ओळखतां आलं नाहीं." मग तें तळहातावर तोलून ते हंसले. "आतां मात्र कळलं," ते म्हणाले.

जें डोळ्यास कळलें नाहीं तें हातास कळलें, तें कसें? घरीं परतल्यावर मुलांनीं हाच प्रश्न आम्हांस विचारला. अशीं खेळणीं आतां पुष्कळ घरांत येऊं लागलीं आहेत, म्हणून त्याचें उत्तर वाचकांपुढेंहि ठेवितों.

या खेळण्यांस 'एअरसॉफ्ट' असें म्हणतात. त्यांचा जन्म १९७० नंतरच्या दशकांत जपानांत झाला. तेथें सामान्य नागरिकास पिस्तूल बाळगण्याची मुभा नाहीं; तेव्हां हौशी लोकांसाठीं कारागिरांनीं खऱ्याची हुबेहूब प्रतिकृति केली आणि तींतून ६ मिलिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा छर्रा उडण्याची सोय केली. स्वस्त प्रकारांत कमानीच्या जोरानें दट्ट्या पुढें सरकतो व हवेच्या दाबानें छर्रा बाहेर पडतो. महाग प्रकारांत हेंच काम कोंडलेला वायु करितो, आणि खऱ्याप्रमाणें पिस्तुलाचा वरचा भाग मागें सरकून पुन्हा पुढें येतो. चाप, मूठ, मॅगझिन, इतकेंच काय पण वरचीं अक्षरेंहि कित्येकदां मुळाबरहुकूम असतात.

साम्य येथें संपतें. खऱ्या पिस्तुलांत काडतुसांतील दारू पेटून जो वायु निर्माण होतो, त्याचा दाब ९ मिलिमीटरच्या काडतुसांत हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींहून अधिक होऊं शकतो. तो सोसण्यासाठीं नळी पोलादाचीच लागते. खेळण्यास तसला दाब सोसावयाचा नसल्यामुळें प्लॅस्टिक व जस्ताचा हलका मिश्रधातु पुरतो. त्या गृहस्थांच्या हातास जें कळलें तें हेंच. भारतीय सैन्यानें दीर्घकाळ वापरलेलें ९ मिलिमीटरचें पिस्तूल हें ब्राउनिंगच्या १९३५ च्या नमुन्यावरून बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांत बनविलेलें. तें रिकामें असतांहि सुमारें एक किलोग्रॅम भरतें व त्याच्या मॅगझिनमध्यें तेरा काडतुसें मावतात. पुतण्याचें पिस्तूल त्याच्या निम्म्यानेंहि भरलें नसतें.

आतां मारकशक्तीचा हिशेब पाहूं. खेळण्याचा छर्रा साधारणतः ०.२ ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदास १०० मीटर वेगानें सुटला, तर त्याची ऊर्जा एक ज्यूल होते. जपानांत कायद्यानें याच सुमारास मर्यादा घातली आहे. मुलांच्या स्वस्त पिस्तुलांत ती याहूनहि पुष्कळ कमी असते. उलट ९ मिलिमीटरची गोळी सुमारें साडेसात ग्रॅमची असून सेकंदास साडेतीनशें मीटरांहून अधिक वेगानें जाते. तिची ऊर्जा साडेचारशें ते पांचशें ज्यूल भरते. आपल्याकडे हें सैनिकी काडतूस सामान्य नागरिकास मिळत नाहीं. परवानाधारकासाठीं सरकारी कारखान्यांत ०.३२ इंची पिस्तुलें व रिव्हॉल्व्हर होत आलीं. २०१४ सालीं कानपूरच्या कारखान्यानें स्त्रियांसाठीं म्हणून काढलेलें 'निर्भीक' हें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर त्यांपैकींच. या काडतुसाची ऊर्जा दीडशें ते पावणेदोनशें ज्यूलांच्या आसपास असते. म्हणजे नागरिकाचें शस्त्र सैनिकाच्या शस्त्राहून दुबळें खरें, पण खेळण्याच्या दीडशें पटींहून अधिक बळकट.

परंतु एक ज्यूल म्हणजे शून्य नव्हे. कातडीवर वळ उठविणारा छर्रा डोळ्यास लागला तर दृष्टि जाऊं शकते. म्हणूनच हा खेळ नियमानें खेळणारे लोक चष्मा घातल्यावांचून मैदानांत पाऊल टाकीत नाहींत.

तथापि आमच्या मतें मुख्य धोका छऱ्याचा नाहीं, सादृश्याचा आहे. २२ नोव्हेंबर १९१४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २२ नोव्हेंबर २०१४ रोजीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरीं तामिर राईस नांवाचा बारा वर्षांचा मुलगा बागेंत असलेंच एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. तें १९११ सालच्या प्रसिद्ध कोल्ट पिस्तुलाची प्रतिकृति होतें. खेळणें ओळखूं यावें म्हणून नळीच्या तोंडाशीं नारिंगी रंग असतो, तो निघालेला होता. कोणीं तरी पोलिसांस दूरध्वनि करून सांगितलें, आणि तें बहुधा खोटें असावें असेंहि सांगितलें. परंतु हे शब्द गाडींतील शिपायांपर्यंत पोंचले नाहींत. गाडी थांबून दोन सेकंद होतात न होतात तोंच गोळी सुटली आणि दुसऱ्या दिवशीं मुलगा वारला. त्याच्या पिस्तुलांत कोणाचा जीव घेण्याचें सामर्थ्य नव्हतें, पण तें पाहणाऱ्यास कसें कळावें?

यावर उपाय शोधले गेले नाहींत असें नाहीं. जपाननें १९७१ सालीं धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बंद करून त्यांस पांढरा किंवा पिवळा रंग देण्याची सक्ति केली. अमेरिकेंत १९८९ पासून नारिंगी टोंक आवश्यक झालें. आपल्याकडे खेळण्यांतील पिस्तूल दाखवून लोकांस लुटल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. लुटला जाणाराहि वीस पावलांवरच उभा असतो.

भाज्याच्या चैत्यगृहांतहि नक्कल आहेच. दोन हजार वर्षांहून पूर्वीं तेथील पाथरवटांनीं लांकडी इमारतीची हुबेहूब नक्कल दगडांत उतरविली. लांकडी खांबांप्रमाणें दगडी खांब आंत कललेले केले आणि छतास खऱ्या लांकडाच्या कमानीहि बसविल्या. त्या छताचा भार उचलीत नाहींत. पण त्या नकलेनें कोणी दचकत नाहीं. पिस्तुलाची नक्कल समोरच्यास दचकविण्यासाठींच हातांत घेतली जाते, हा दोहोंतील भेद मुलांस समजावून सांगण्याजोगा आहे.

आमच्या घरीं त्या दिवसापासून तीन नियम झाले आहेत. पिस्तूल खेळण्यांतलें असलें तरी तें माणसावर किंवा जनावरावर रोखावयाचें नाहीं. घराबाहेर तें न्यावयाचें नाहीं. आणि नळीच्या टोंकाचा रंग खरवडावयाचा नाहीं. पुतण्यानें प्रथम तोंड फुगविलें. पण दुसऱ्या दिवशीं पाहतों तों आजीच्या रांगोळीच्या डब्यांतील केशरी रंग डिंकांत कालवून तो स्वतःच पिस्तुलाच्या तोंडास फांसत बसला होता.