सीमेपलीकडील इलेक्ट्रॉनिक पुरावा : युरोपीय संघाचे नवे नियम

गुन्ह्याचा पुरावा पूर्वी बहुधा गुन्हा घडला त्याच परिसरात सापडत असे. बनावट दस्तऐवज, हत्यार, बोटांचे ठसे यांची नोंद पंचनाम्यात होई. आता गुन्हा एका गावी घडतो आणि त्यासंबंधीचे ई-मेल, संदेश व खात्यांच्या नोंदी दुसऱ्याच देशातील कंपनीच्या ताब्यात असतात. शिवाय हा पुरावा अल्पायुषी असतो. तो क्षणात पुसला जाऊ शकतो.

समजा, फ्रान्समधील एका सेवानिवृत्ताची आयुष्यभराची शिल्लक लुबाडली गेली आणि आरोपीचे ई-मेल खाते नेदरलँड्समधील कंपनीकडे आहे. अशा प्रकरणी युरोपीय तपास आदेशाच्या मार्गाने १२० दिवसांपर्यंत, तर राष्ट्राराष्ट्रांतील परस्पर कायदेविषयक साहाय्याच्या मार्गाने सरासरी दहा महिने लागतात. तोपर्यंत पुरावा शिल्लक राहीलच, याची शाश्वती नसते.

ही अडचण दूर करण्यासाठी युरोपीय आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये प्रस्ताव मांडला व १२ जुलै २०२३ रोजी विनियम २०२३/१५४३ संमत झाला. त्याच्या अंमलाची तारीख १८ ऑगस्ट २०२६ ठरविण्यात आली. डेन्मार्क या व्यवस्थेत सहभागी नाही.

दोन प्रकारचे आदेश

पहिला आदेश पुरावा सादर करण्याचा. एका सदस्य राष्ट्राचा सक्षम अधिकारी तो दुसऱ्या राष्ट्रातील सेवादात्या कंपनीच्या प्रतिनिधीस थेट पाठवू शकतो. माहिती दहा दिवसांत आणि जीवितास धोका असल्यासारख्या आणीबाणीच्या प्रसंगी आठ तासांत द्यावी लागते. दुसरा आदेश माहिती जतन करण्याचा. त्यान्वये ती ६० दिवस पुसता येत नाही. ही मुदत आणखी ३० दिवस वाढविता येते. कसूर करणाऱ्या कंपनीस तिच्या जागतिक वार्षिक उलाढालीच्या दोन टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

नागरिकांच्या हक्कांचे रक्षण

तपासाचा वेग वाढविताना नागरिकांचे खाजगी जीवन उघडे पडू नये, हा यातील कळीचा प्रश्न होय. म्हणून माहितीची प्रतवारी करण्यात आली आहे. खातेदाराचे नाव-पत्ता मागण्याचा आदेश सरकारी अभियोक्त्यास काढता येतो. संदेशातील मजकुरासाठी मात्र न्यायाधीशाची मान्यता अनिवार्य आहे आणि, काही विशिष्ट गुन्हे वगळता, गुन्ह्यास किमान तीन वर्षे कमाल कैदेची तरतूद असावी लागते. कंपनीचा प्रतिनिधी ज्या राष्ट्रात आहे, त्या राष्ट्रास अशा आदेशाची सूचना सामान्यतः द्यावी लागते. वृत्तपत्रस्वातंत्र्य किंवा मूलभूत हक्क यांना बाध येत असल्यास ते राष्ट्र हरकत घेऊ शकते.

आपल्या दृष्टीने

युरोपीय संघात सेवा पुरविणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हे नियम लागू पडतात. भारतीय तपास यंत्रणेस मात्र हा मार्ग खुला नाही. परदेशातील पुराव्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ११२ अन्वये न्यायालयामार्फत विनंतीपत्र पाठवावे लागते. या मार्गास वेळ लागतो. म्हणूनच फसवणूक झालेल्या ग्रामस्थाने संदेश पुसून न टाकता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी गावोगावी समजावून सांगणे अगत्याचे आहे. कायदा कितीही वेगवान झाला, तरी पुसला गेलेला पुरावा परत आणणे त्याच्या हाती नसते.