‘फॅक्टरी’ शब्दाचे अर्थ : वखार कीं कारखाना ?

शिवकालीन इंग्रजी पत्रांचा मराठींत अनुवाद करणारास जे शब्द फसवितात, ते बहुधा अवघड नसतात, अतिपरिचित असतात. अवघड शब्द अडला म्हणजे आपण कोश उघडतों. परिचित शब्दासाठीं तो कोण उघडतो ? ‘फॅक्टरी’ हा अशा शब्दांचा अग्रणी होय. आज तो उच्चारतांच यंत्रें व धुराडीं डोळ्यांपुढें येतात, आणि ‘राजापुरास इंग्रजांचा कारखाना होता’ असें वाक्य लेखणींतून सहज उतरतें. मग तेथें काय तयार होत असे, हा प्रश्न उद्भवतो. आणि जें कधीं नव्हतेंच त्याचा शोध सुरू होतो. म्हणून या शब्दाच्या अर्थांचा क्रमशः विचार करणें अवश्य आहे.

प्रथम व्युत्पत्ति. लॅटिन भाषेंत ‘फाकेरे’ म्हणजे करणें. अर्थाकडे पाहून हा धातु आपल्या ‘कृ’चा सोयरा वाटेल, परंतु भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें ‘धा’ धातूशीं जोडतात. त्यापासून ‘फाक्तोर’ म्हणजे करणारा, कर्ता. व्यापाराच्या परिभाषेंत धन्याच्या वतीनें परठिकाणीं खरेदीविक्री करणारा तो फॅक्टर; आपल्याकडील गुमास्ता अगर अडत्या. पोर्तुगीज भाषेंत तोच ‘फेइतोर’, व त्याचें ठाणें ती ‘फेइतोरिया’. इ. स. १५०० त पोर्तुगीजांनीं कोचीन येथें असें ठाणें घातलें. सारांश, फॅक्टरी म्हणजे फॅक्टरांचें ठाणें. वस्तु घडविण्याचें स्थान नव्हे. पोर्तुगालमधील पोर्तो शहरीं इंग्रज मद्यव्यापाऱ्यांचें ‘फॅक्टरी हाउस’ इ. स. १७९० त पुरें झालें. तेथें मद्य गाळलें जात नसे, व्यापारी जमत. चीनमध्यें कॅन्टन येथील तेरा फॅक्टऱ्या याच अर्थाच्या.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शिकाऊ उमेदवार, रायटर, फॅक्टर, कनिष्ठ मर्चंट व वरिष्ठ मर्चंट अशी चढती परंपरा होती. येथील ‘रायटर’ म्हणजे ग्रंथकार नव्हे, कारकून. तसाच ‘फॅक्टर’ म्हणजे कारखानदार नव्हे. कंपनीच्या कागदांत ‘फॅक्टरी’ शब्द मुख्यतः तीन अर्थांनीं आढळतो. पहिला, व्यापाराचें ठाणें : इ. स. १६१३ त मोंगल बादशहाच्या परवानगीनें सुरतेस फॅक्टरी स्थापन झाली. दुसरा, प्रत्यक्ष इमारत : निवासाच्या खोल्या, मालाचीं कोठारें व भोंवतालची भिंत. तिसरा, तेथील माणसांचें मंडळ : ‘फॅक्टरीनें पत्र लिहिलें’ असें वाक्य आल्यास कर्ता इमारत नसून तेथील अध्यक्ष व त्याचे सल्लागार होत. विल्यम फॉस्टर यांनीं संपादिलेल्या ‘दि इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया’ या ग्रंथमालेचें नांवहि या दृष्टीनेंच वाचावयाचें.

आणि माल ? तो विणला जाई विणकराच्या घरीं, त्याच्याच मागावर. दलालामार्फत आगाऊ रक्कम, म्हणजे दादनी, द्यावयाची; ठाण उतरलें कीं तें तपासून वखारींत आणावयाचें; जहाज येईपर्यंत सांठवावयाचें; हा फॅक्टरीचा खरा उद्योग. त्यास आपल्या पूर्वजांनीं ‘वखार’ हा नेमका शब्द योजिला आहे.

आतां या भेदावर इतिहासाचें काय अवलंबून आहे, तें पाहूं. इ. स. १६६० त पन्हाळ्याच्या वेढ्यांत राजापूरकर इंग्रजांनीं सिद्दी जौहरास साहाय्य केलें. इ. स. १६६१ त शिवाजी महाराजांनीं राजापूर हस्तगत करून इंग्रजांची वखार लुटली व हेन्री रेव्हिंग्टन प्रभृतींस कैद केलें. त्या जागीं ‘कारखाना’ वाचल्यास हें एका उद्योगगृहावरील धाड भासतें. ‘वखार’ वाचल्यास उमगतें कीं, परकीय सत्तेचें तें राजकारणी ठाणें होतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रांत टोपीकरांस वखारीसाठीं समुद्रकांठीं वा खाडीवर जागा देऊं नये, दिलीच तर आंत दूर द्यावी, आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये, असा उपदेश आहे. माग चालविणाऱ्या घराविषयीं इतकी सावधगिरी कोण सांगेल ? वखारीची भिंत उद्यां तट होते, हें त्या मुत्सद्द्यानें ओळखलें होतें.

घोटाळा येथेंच संपत नाहीं. मराठी कागदांतील ‘कारखाना’ हाहि आजचा कारखाना नव्हे. फारशी ‘कार’ म्हणजे काम, ‘खाना’ म्हणजे घर. आणि हा ‘कार’ मात्र आपल्या ‘कृ’चा खरा सगोत्र. अठरा कारखान्यांत तोफखाना, पीलखाना, जवाहिरखाना, फरासखाना, मुदपाकखाना इत्यादि येतात. हीं राजसंस्थेचीं खातीं व भांडारें होत. किल्ल्यावरील कारखानीस धान्यसामग्रीचा हिशेब ठेवी. तेव्हां ‘फॅक्टरी’चें भाषांतर ‘कारखाना’ करणें जितकें अयुक्त, तितकेंच जुन्या ‘कारखान्या’चें इंग्रजी भाषांतर ‘फॅक्टरी’ करणेंहि अयुक्त. कौटिल्यानेंहि विक्रेय मालाच्या सांठ्यास ‘पण्यगृह’ व उत्पादनाच्या स्थानास ‘कर्मान्त’ असे निरनिराळे शब्द वापरले आहेत.

आजचा अर्थ आला कोठून ? इंग्रजींत ‘मॅन्युफॅक्टरी’, म्हणजे हातानें वस्तु करण्याचें स्थान, असा स्वतंत्र शब्द होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत यंत्रांनीं सूत निघूं लागलें, तसतसा ‘फॅक्टरी’ शब्दावर त्याचा अर्थ चढला व जुना मागें पडला. हिंदुस्थानांतील इ. स. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यांत यांत्रिक शक्ति वापरणारीं व शंभर माणसें राबविणारीं कामाचीं ठिकाणें अभिप्रेत होतीं. तेथें वखारीचा गंधहि नाहीं. बंगाल्यांत मात्र निळीच्या ‘फॅक्टरी’स कोठीच म्हणत, आणि तेथें नीळ प्रत्यक्ष तयार होई, म्हणून केवळ सनावर विसंबतां येत नाहीं.

तेव्हां संग्राहकांनीं व अनुवादकांनीं तीन गोष्टी पाहाव्या : कागदाचा काल, वाक्यांतील क्रियापद, आणि तेथें माल घडतो कीं सांठतो. सतराव्या शतकांतील कंपनीच्या कागदांत सामान्यतः ‘वखार’ लिहावें. फॅक्टरी लिहिते, ठरविते, तक्रार करते, तेथें ‘वखारकर’ लिहावें. यंत्रें व मजूर दिसतील तेथेंच ‘कारखाना’. दप्तरांच्या सूच्या करतांना तर हें विशेष जपावें. कारण ग्रंथांतील चूक एका पानावर राहते, सूचींतील चूक पुढील प्रत्येक अभ्यासकास चुकीच्या दाराशीं नेऊन सोडते.