एक मिनिट, कुणीही हलू नका

शॉट ओके झालेला असतो. लाइटवाले पुढच्या सेटअपसाठी स्टँड उचलायला धावतात, स्पॉटदादा चहाचा ट्रे घेऊन आत शिरतो, नायिका चप्पल शोधू लागते. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला एक माणूस कानावरचा हेडफोन न काढता हात वर करतो. "रूम टोन. एक मिनिट, कुणीही हलू नका." आणि साठ-सत्तर माणसं जिथल्या तिथे थांबतात. कुणाच्या हातात केबलचं वेटोळं, कुणाच्या हातात अर्धा पेला चहा. नायक असो की लाइटवाला पोऱ्या, त्या मिनिटाला सगळे सारखेच. बघणाऱ्याला वाटतं, काहीच चाललेलं नाही. प्रत्यक्षात त्या खोलीची खामोशी रेकॉर्ड होत असते.

खामोशी काय रेकॉर्ड करायची, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. वाड्याच्या माजघरातली वेगळी, पत्र्याच्या खोलीतली वेगळी, दुपारच्या उसाच्या फडातली तर अगदीच वेगळी. संकलनाच्या वेळी दोन संवादांच्या मधला कुणाचा तरी खोकला काढून टाकला, की तिथे एक भोक पडतं. पूर्ण निःशब्द. प्रेक्षकाला काय झालं ते सांगता येत नाही, पण कानाला ते लगेच खटकतं. मग त्या भोकावर त्याच खोलीच्या शांततेचं ठिगळ लावावं लागतं. आणि ते ठिगळ त्याच दिवशी, तीच माणसं खोलीत असतानाच मिळतं, कारण माणसांची अंगं आणि कपडेसुद्धा आवाज शोषून घेतात. खोली रिकामी केली की तिचा आवाज बदलतो.

हे काम करणाऱ्याला लोकेशन साउंड रेकॉर्डिस्ट म्हणतात. नट बोलत असताना, कॅमेरा चालू असताना, त्याच जागी त्याचा आवाज पकडायचा, याला म्हणायचं सिंक साउंड. ऐकायला सोपं वाटतं. आपल्याकडे मात्र या कामाची सुरुवातच मध्यरात्री झाली.

अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' 14 मार्च 1931 रोजी मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक थिएटरात लागला. आलम आरा म्हणजे जगाला शोभा आणणारी. हा भारताचा पहिला बोलपट. तो ज्या इंपीरियल स्टुडिओत तयार झाला, तो ग्रँट रोडजवळच्या केनेडी ब्रिजपाशी, रेल्वेलाइनला खेटून. भिंती आवाज रोखणाऱ्या नव्हत्या. मूकपटांना त्यांची गरजच पडली नव्हती. गाडी गेली की माइकमध्ये नुसती धडधड. त्यामुळे इराणींनी बरंचसं चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यानंतर आणि पहाटेची पहिली गाडी सुटण्यापूर्वी उरकलं. रमजानात सहरीसाठी उठणाऱ्यांना तो प्रहर चांगला ओळखीचा आहे. गाव अजून जागं झालेलं नसतं, आणि शेजारच्या घरातलं भांडंसुद्धा आपल्या घरात वाजल्यासारखं ऐकू येतं.

यंत्र टॅनार कंपनीचं होतं. ते बसवून द्यायला विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याची रोजची फी परवडेना, म्हणून इराणींनी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरूचा यांनी त्याच्याकडून जेवढं शिकता आलं तेवढं शिकून घेतलं आणि रेकॉर्डिंग स्वतःच्या हातात घेतलं. एवढ्या मोठ्या निर्मात्याने हेडफोन लावून बसायचं, ही गोष्ट आजही थोडी विचित्र वाटेल. माइक लटकवायला बूम नव्हता. कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा भलभलत्या जागी माइक लपवावे लागत, आणि नटाने बोलताना त्या दिशेला तोंड ठेवायचं. गाणंसुद्धा नंतर भरायची सोय नव्हती. फकिराची भूमिका करणारे वझीर मोहम्मद खान यांनी आपलं गाणं कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष म्हटलं. साथीला मोजकी वाद्यं. हिंदी चित्रपटातलं ते पहिलं गाणं.

नायक होते मास्टर विठ्ठल. मूकपटांच्या काळातला मारधाडीचा मोठा सितारा, मराठी माणूस. ध्वनी आला आणि त्यांच्या हिंदुस्थानी तलफ्फुजची अडचण झाली. जो माणूस पडद्यावर तलवार चालवून थिएटर गाजवत होता, त्याच्या वाट्याला पहिल्या बोलपटात फारसं बोलणं आलं नाही. एका माइकने किती जणांचं नशीब फिरवलं, याचा हिशेब त्या काळातल्या अनेक नटनट्यांच्या चरित्रांत सापडेल.

टॅनार यंत्राची पद्धत अशी होती, की चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर, एकाच वेळी उमटायचे. पुढे 'आलम आरा'ची फिल्म नाहीशी झाली. आज तिची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयालाही ती मिळाली नाही. छायाचित्रं राहिली, जाहिराती राहिल्या. चित्र आणि ध्वनी एकाच पट्टीवर असल्यामुळे एक गेलं तेव्हा दुसरंही गेलं. गाड्या थांबलेल्या त्या रात्रींमध्ये जे काही ऐकू आलं, ते आज कुणालाच ऐकता येत नाही.

पुढची काही दशकं स्टुडिओत बंदिस्त, अवजड कॅमेऱ्यांच्या साथीने आवाज जागेवरच रेकॉर्ड होत राहिला. मग साठच्या दशकात चित्रपट बाहेर पडला. काश्मीर, रंगीत फिल्म, बर्फ, बागा. हलका ॲरिफ्लेक्स कॅमेरा खांद्यावर घेऊन कुठेही जाता येऊ लागलं, पण त्याचा आवाज शिवणयंत्रासारखा. त्याच्याशेजारी प्रेमाचा संवाद रेकॉर्ड करणं अशक्यच. त्याच सुमारास खरं तर उत्तम साधन तयार होतं. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या स्टेफान कुडेल्स्की यांनी 1951 साली खांद्याला अडकवून नेता येईल असा टेपरेकॉर्डर बनवला होता. नाव 'नाग्रा'. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'रेकॉर्ड करील'. आपल्याकडेही नाग्रा आला, पण त्यावर बहुतेक वेळा टिपला जायचा तो कच्चा, मार्गदर्शक आवाज. त्याला पायलट ट्रॅक म्हणत. नट काही महिन्यांनी बंद खोलीत उभा राहायचा आणि पडद्याकडे बघत स्वतःच्या ओठांवर स्वतःचे शब्द बसवायचा.

डबिंगला नावं ठेवण्यात अर्थ नाही. थोर नटांनी डबिंगमध्ये जीव ओतला आहे, आणि अनेकदा मूळ कामगिरी त्यात सुधारलीही आहे. पण जे हरवतं ते शब्दांत नसतंच. धावत आल्यावर लागलेली धाप, रडण्याआधी घशात अडकलेला आवाज, समोरच्याने अनपेक्षितपणे हात धरला तेव्हा सुटलेला श्वास. वातानुकूलित खोलीत, एकट्याने, चार महिन्यांनी ते परत आणायचं म्हणजे नटाला स्वतःचीच नक्कल करावी लागते.

'लगान'च्या वेळी हा रिवाज मोडला. सन 2000 मध्ये कच्छमध्ये, भूजजवळच्या कुनरिया गावाच्या माळावर चित्रीकरण झालं आणि नकुल कामटे यांनी ते सिंक साउंडमध्ये रेकॉर्ड केलं. क्रिकेटच्या सामन्यासाठी परिसरातले हजारो गावकरी जमवले होते. हजारो माणसांना ओरडायला लावणं सोपं. त्यांना एकदम गप्प बसवणं, आणि तेही उघड्या माळावर, वारा वाहत असताना, हे काम ज्याने केलं असेल त्यालाच ठाऊक. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूज उद्ध्वस्त झालं. चित्रपट त्याच वर्षी जूनमध्ये लागला. नकुल कामटे आणि ध्वनिमिश्रण करणारे एच. श्रीधर यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता तंत्र बदललं आहे. छोट्या पेटीएवढ्या रेकॉर्डरवर प्रत्येक नटाचा वेगळा ट्रॅक घेता येतो आणि टाइमकोडमुळे चित्र-आवाजाची सांगड आपोआप बसते. टाळीचा क्लॅप तरीही वाजतोच. मशीन बिघडलं तर तोच कामी येतो. मात्र जे बदललेलं नाही ते म्हणजे कष्ट. बूमवाल्याचंच घ्या. कार्बन फायबरची लांब काठी दोन्ही हात डोक्यावर धरून पेलायची, टोकाचा माइक नटाच्या डोक्यावर वीतभर अंतरावर ठेवायचा, फ्रेममध्ये येऊ द्यायचा नाही, सावली पडू द्यायची नाही. नटाइतकेच संवाद त्यालाही पाठ लागतात, कारण पुढचं वाक्य कोण बोलणार हे आधी कळलं तरच काठी वेळेवर वळते. सीन पाच मिनिटांचा असेल तर हात पाच मिनिटं वरच. रोजा असला तरी वरच.

रोजाचा विषय निघालाच आहे तर सांगायला हरकत नाही. छातीला चिकटवलेला बारीक लेपल माइक फार चहाडखोर असतो. नटाचं पोट गुडगुडलं तर तोही ऐकतो. तोंड कोरडं पडलं की शब्दाशब्दाला जिभेची बारीक टकटक उमटते. एरवी रेकॉर्डिस्ट पाणी प्यायला सांगतो. समोरचा रोजेदार असेल तर पाणी सांगता येत नाही. मग तो संवादाचा सीन सकाळीच उरकून घ्या अशी विनवणी करतो आणि दुपारसाठी चालण्याबिलण्याचे शॉट ठेवायला लावतो.

कपड्यांची भांडणं वेगळीच. सुती कापड गुमान राहतं. नायिका नऊवारी पैठणीत असली की प्रत्येक पावलाला रेशमाची सळसळ, आणि दागिने घातले की पाटल्या-बांगड्यांची साथ. माइक पदरात लपवायचा की अंबाड्यात, यावर वेशभूषेच्या बाईंशी अर्धा तास चर्चा. घरात शूटिंग असेल तर पंखे बंद, फ्रीज बंद. फ्रीज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून काही रेकॉर्डिस्ट आपल्या गाडीची किल्लीच त्यात ठेवून देतात. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि घरमालकाचं दूध नासत नाही.

चित्रीकरणाच्या आधी जागेची पाहणी होते, तेव्हा सगळे जण जागा बघतात. साउंडवाला डोळे मिटून उभा राहतो. पिठाची गिरणी किती वाजता सुरू होते, शाळेची घंटा कधी, एसटी कुठल्या वळणावर हॉर्न देते, शेजारी कुणाकडे कुत्रा आहे. देवळातली आरती आणि मशिदीची अजान या दोन्हींच्या वेळा त्याच्या वहीत एकाखाली एक लिहिलेल्या असतात. आरतीची वेळ बहुधा ठरलेली. अजानची सूर्याबरोबर सरकते, त्यामुळे आठवड्याने ती पुन्हा तपासावी लागते. युनिटमध्ये कोण कुठल्या धर्माचा याच्याशी त्या वहीचा संबंध नाही. त्या पाच मिनिटांत सीन थांबतो, सगळे चहा पितात, आणि शहाणा रेकॉर्डिस्ट मशीन चालूच ठेवतो. त्या गावचा तो खरा आवाज असतो, पुढे कुठेतरी कामी येतो.

रसूल पुकुट्टी यांचं नाव इथे यायलाच हवं. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातल्या विळक्कुपारा या गावचे. शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी त्यांनी धारावी, जुहू आणि सीएसटी स्टेशनच्या गजबजाटातून संवाद वेचून काढले. ज्या आवाजापासून इराणी रात्री पळत होते, त्याच रेल्वेच्या आवाजात हे उभे राहिले. फेब्रुवारी 2009 मध्ये इयन टॅप आणि रिचर्ड प्राइक यांच्यासह त्यांना ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं. ऑस्करच्या मंचावर या मुसलमान ध्वनितंत्रज्ञाने आपल्या देशाची ओळख सांगितली ती 'ॐ' या शब्दाने, आणि त्या शब्दाच्या आधी व नंतर असणाऱ्या शांततेने. शांततेचा उल्लेख रेकॉर्डिस्टच करू जाणे. एवढ्या सन्मानानंतर हिंदीत काम मिळेनासं झालं होतं, असं त्यांनीच 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्या दिवसांत आधार दिला तो प्रादेशिक चित्रपटांनी.

मराठीत सिंक साउंडची गरज आणखी एका कारणाने मोठी आहे. धनगर, पारधी, शेतमजूर, खेड्यातली शाळकरी पोरं पडद्यावर स्वतः दिसू लागली. त्यांच्यातल्या कित्येकांनी आयुष्यात माइक पाहिलेला नसतो. त्यांना डबिंगच्या खोलीत उभं केलं तर बोली राहते, बोलणं जातं. धनगरांच्या भटकंतीवरच्या 'ख्वाडा'ला 62 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशन साउंडचा मान मिळाला, पुढे 66 व्या पुरस्कारांत तो 'तेंडल्या'कडे आला. दोन्ही मोठ्या बजेटचे चित्रपट नव्हेत.

या पुरस्काराची पुढची गोष्ट तितकीशी सुखाची नाही. 2022 मध्ये 68 वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि लोकेशन साउंडचा पुरस्कार एका कन्नड चित्रपटाला मिळाला. त्यावर त्याच चित्रपटाच्या साउंड डिझायनरने जाहीरपणे सांगितलं, की हा चित्रपट सिंक साउंडचा नाहीच, डब केलेला आहे. पुकुट्टींनीही नाराजी व्यक्त केली. निवडणाऱ्यांना फरक ऐकू आला नाही, याचं दुःख पुरस्कार हुकल्यापेक्षा मोठं असणार. त्यानंतर ध्वनीचे तीन वेगवेगळे पुरस्कार मोडीत निघाले आणि 70 व्या पुरस्कारांपासून 'साउंड डिझाइन' हा एकच उरला. जागेवर उभं राहून आवाज पकडणाऱ्यासाठी वेगळा रकाना आता नाही.

सेटवर मात्र रोज तेच चालतं. टेक सुरेख होतो, दिग्दर्शक खुर्चीतून उठतो, नायिकेचे डोळे खरेच भरून आलेले असतात, आणि कोपऱ्यातून आवाज येतो, "सॉरी सर, विमान होतं." सगळे वर बघतात. विमान केव्हाच निघून गेलेलं असतं. सूर्य कलत असतो, निर्माता घड्याळ बघतो. दिग्दर्शक विचारतो, "चालवून नाही का घेता येणार?" साउंडवाला हेडफोनचा एक कान उघडा करतो आणि म्हणतो, "एकच घेऊ या, सर. यावेळी नक्की."