'व्हिन्सेन्स' : यंत्राची नोंद आणि माणसाचा निर्णय

दुसऱ्या महायुद्धापर्यंत क्रूझर या युद्धनौकेचे सामर्थ्य मुख्यतः तिच्या तोफांवरून मोजले जाई. क्षेपणास्त्रांच्या युगात हे चित्र पालटले. शत्रूचे विमान किंवा क्षेपणास्त्र काही मिनिटांत नौकेवर येऊन आदळू शकते. म्हणून ते दुरूनच ओळखणे आणि वेळीच पाडणे हे क्रूझरचे महत्त्वाचे कार्य ठरले. अमेरिकन नौदलाची 'व्हिन्सेन्स' ही अशा कार्यासाठी बांधलेली क्षेपणास्त्रवाहू क्रूझर होय.

नौकेची रचना

'टिकॉन्डेरोगा' वर्गातील ही तिसरी नौका. मिसिसिपी राज्यातील पॅस्कागोला येथे १९८२ मध्ये तिच्या बांधणीस प्रारंभ झाला आणि ६ जुलै १९८५ रोजी ती नौदलात दाखल झाली. तिची लांबी ५६७ फूट होती. चार गॅस टर्बाइनांच्या बळावर ती ३० नॉटहून अधिक वेग घेई. तिचा सांगाडा 'स्प्रुअन्स' वर्गाच्या विनाशिकेवरून घेतलेला होता. क्षेपणास्त्रे सोडणारे दोन जोडबाहू प्रक्षेपक व पाच इंची दोन तोफा ही तिची प्रमुख आयुधे होत.

तिचे खरे वैशिष्ट्य 'एजिस' यंत्रणेत होते. एजिस म्हणजे ग्रीक पुराणातील झ्यूस देवाची ढाल. फिरत्या रडारला एकाच दिशेस पुन्हा पाहण्यासाठी पूर्ण फेरा घ्यावा लागतो. एजिसचे चार सपाट रडारफलक मात्र चार बाजूंना स्थिर बसविलेले असतात. किरणाची दिशा विद्युत्‌संकेतांनी क्षणात बदलते. त्यामुळे शंभराहून अधिक लक्ष्यांचा एकाच वेळी माग ठेवता येतो.

३ जुलै १९८८

इराण-इराक युद्धात तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते. मे १९८७ मध्ये इराकी क्षेपणास्त्रांनी 'स्टार्क' या अमेरिकन युद्धनौकेवरील ३७ नौसैनिक मृत्युमुखी पडले होते. त्यामुळे पुढे आखातात आलेल्या नौकांना अधिक सावध राहण्याचे आदेश होते.

३ जुलै १९८८ रोजी सकाळी 'व्हिन्सेन्स' इराणच्या सागरी हद्दीत इराणी गस्ती नौकांशी लढत होती. त्याच वेळी बंदर अब्बास येथून इराण एअरचे दुबईला जाणारे एअरबस विमान निघाले. उड्डाणानंतर सुमारे सात मिनिटांत कॅप्टन विल्यम रॉजर्स यांच्या आज्ञेवरून दोन क्षेपणास्त्रे सुटली. विमानातील सर्व २९० जण मृत्यू पावले. त्यांत ६६ बालके होती आणि दहा भारतीय नागरिकही होते.

चौकशीत काय आढळले ?

यंत्रणेच्या नोंदीनुसार विमान उंच चढत होते आणि नागरी विमानाचा संकेत पाठवीत होते. कक्षातील कर्मचाऱ्यांनी मात्र ते लढाऊ असून खाली झेपावत असल्याचे सांगितले. मुख्य पडद्यावर उंची दिसत नसे. ती लहान पडद्यावरील आकड्यांतून वाचावी लागे. विमान चढते की उतरते, हे लागोपाठचे आकडे मनात ताडूनच कळे. हल्ला होणार असे एकदा मनाने घेतल्यावर प्रत्येक नवी माहिती त्याच समजुतीत बसविली गेली. नौकेने दिलेल्या इशाऱ्यांपैकी अनेक लष्करी वारंवारतेवर होते. प्रवासी विमानाला ते ऐकू येणे शक्य नव्हते. माहिती दर्शविण्याच्या पद्धतीत सुधारणा करावी, अशी शिफारस चौकशी अहवालात करण्यात आली.

१९९६ मध्ये अमेरिकेने मृत इराणी प्रवाशांच्या वारसांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. कायदेशीर जबाबदारी मात्र स्वीकारली नाही. 'व्हिन्सेन्स' २९ जून २००५ रोजी सेवानिवृत्त झाली आणि पुढे मोडीत काढण्यात आली.

या नौकेच्या इतिहासातील बोध युद्धनौकांपुरता मर्यादित नाही. त्या दिवशी माहिती अचूक होती, ती वाचण्यात चूक झाली. कोणतीही यंत्रणा उभारताना ती किती माहिती गोळा करते याबरोबरच, घाईच्या क्षणी ती माहिती माणसाला नीट उमगते का आणि आपली समजूत तपासून पाहण्यास त्याला वाव मिळतो का, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.